निसरडा लेप

माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे तिला खोळ म्हणत. नाव थोरल्या भावानं ठेवलं आणि ते असं चिकटलं की निघता निघेना. तिच्या घरात उघडी वस्तू सापडणं कठीण. सोफ्याला खोळ, मिक्सरला खोळ, इस्त्रीला खोळ. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, आणि ते तुटलंच तर असू दे म्हणून शेजारी आणखी एक रबर. नवरा म्हणायचा, "माझ्या मापाची अजून शिवली नाहीये, एवढ्यावर निभावलंय." ती हसायची, पण हसता हसता गॅस बंद आहे ना ते बघून यायची.

भित्री होती. हे जरा सभ्य शब्दांत सांगता आलं असतं, पण मग ती बाई डोळ्यांसमोर आली नसती. लहानपणी ती कुत्र्याला भ्यायची, आणि कुत्रा दिसला नाही तर मेला कुठे दबा धरून बसलाय म्हणून भ्यायची. आईवडील दोघं कामाला जायचे, त्यामुळे तिला शाळेत नेण्याआणण्याचं काम दादाकडे. रस्ता ओलांडताना ती त्याचा हात असा आवळायची की पलीकडे पोचल्यावर तो बोटं झटकत म्हणायचा, "सोड आता, रक्त फिरू दे." परीक्षेच्या आधी तिला ताप यायचा, निकालाच्या आधी पुन्हा यायचा. लग्नाच्या दिवशी तर दादानंच तिला दोन कप चहा पाजून उभी केली. "नवरा तुझ्यापेक्षा जास्त घाबरलाय, जा, धीर दे त्याला," असं तिच्या कानात सांगितलं, आणि ते खोटं होतं हे तिला पुढे कित्येक वर्षांनी नवऱ्याकडून कळलं.

अशा स्वभावाच्या माणसानं कुठे नोकरी करावी? तिला मात्र नेमकी अशी मिळाली, जिथे भित्रेपणाचा पगार मिळतो. मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत एक औषधांची प्रयोगशाळा होती आणि तिथल्या लेपाच्या खोलीत ती तंत्रज्ञ होती.

लेप कसला, ते सांगायला हवं. काही आजारांत फुप्फुसातलं एखादं जनुक हुकूम सोडायचं थांबतच नाही, आणि पेशी बिचाऱ्या तो हुकूम पाळत व्रणाचे धागे विणत बसतात. मऊ फुप्फुस हळूहळू राठ होत जातं. त्या जनुकाला गप्प बसवणारं औषध या लोकांनी तयार केलं होतं. पण औषध फार नाजूक. नुसतंच श्वासातून सोडलं तर पेशीपर्यंत पोचायच्या आत त्याचे तुकडे होणार. म्हणून ते स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत भरायचं आणि त्या कणांचा तुषार करून रोग्याला हुंगायला द्यायचं. इथपर्यंत ठीक. पुढची पंचाईत फुप्फुसाचीच. त्याच्या वाटांवर चिकट कफाचा थर असतो. बाहेरून आलेली धूळ पकडायची आणि खोकल्यासरशी बाहेर काढायची, हे त्याचं काम. ही धूळ नाही, औषध आहे, हे त्याला कुठून कळणार? तो औषधाचे कणही पकडून ठेवतो. म्हणून प्रत्येक कणावर एक निसरडा लेप द्यायचा, म्हणजे तो कफातून निसटून खालच्या पेशीपर्यंत जातो.

लेप कमी पडला तर कण अडकतो, हे कुणालाही समजेल. जास्त झाला तर काय होतं, हे समजायला तिलाही बरेच दिवस लागले होते. जास्त लेपाचा कण कफातून सुळकन जातो, पेशीपाशी पोचतो आणि तिथूनही निसटतो. पेशीला तो धरताच येत नाही. दारापर्यंत आलेला पाहुणा घंटा न वाजवता माघारी जावा, तशातली गत. म्हणजे सगळी मेहनत झाली, माणसानं तोंडाला मुखवटा लावून औषध ओढून घेतलं, आणि पेशी आपल्या धागे विणतच आहेत.

कामाची रीत अशी, की कण असलेला द्रव काचेच्या भांड्यात फिरत राहायचा आणि पंपातून लेपाचं द्रावण त्यात थेंबाथेंबानं पडायचं. बहुतेक भाग यंत्रच सोडायचं. पण कणांची प्रत्येक बॅच थोडी निराळी निघते, म्हणून शेवटचा थोडासा भाग पडद्यावरचा आकडा बघत हातानं सोडायचा आणि योग्य जागी थांबायचं. हे थांबणं तिला सुंदर जमायचं. नियमाप्रमाणे त्या वेळी दुसऱ्या माणसानं शेजारी उभं राहून बघायचं असतं. तिचा जोडीदार हा गोल चेहऱ्याचा, पोटावर झगा ताणून बसलेला गृहस्थ होता. त्याचा तिच्यावर इतका भरवसा, की तो शेवटच्या भागात पडद्याऐवजी खिडकीबाहेर बघायचा. "ताई असताना मी काय बघायचं? त्या स्वतःच स्वतःवर चार वेळा पहारा देतात," असं तो सगळ्यांना सांगायचा. तिला ते आवडायचं. कधी नव्हे ते कुणी तिच्या भित्रेपणाचं कौतुक करत होतं.

दादा ओट्यांचे दगड कापायचा. स्वयंपाकघरात जे चकचकीत ओटे बसवतात, त्यांच्या फरश्या कापणं, कडा घासून गोल करणं, बेसिनसाठी भोक पाडणं. पाणी सोडून कापलं तर धूळ उडत नाही, पण चिखल होतो आणि वेळ जातो. मालकाला वेळ जायला नको होता. दुपारच्या सुट्टीत सगळे कामगार भुवयांपर्यंत पांढरे होऊन बाहेर यायचे आणि एकमेकांना बघून हसायचे. ती त्याला चांगल्या मुखपट्ट्या आणून द्यायची. तो त्या खिशात ठेवायचा. "तुझी खोळ मी जपून ठेवलीय हं, अजिबात धूळ लागू दिली नाही," असं वर सांगायचा.

धूळ त्याच्या छातीत बसली. आधी जिना चढताना थांबायला लागला, मग चपला घालताना. बोलणं तुटक झालं. "आता भांडणात मी एक वाक्य बोलतो आणि तुझी वहिनी दहा. तशी आधीपण तीच जिंकायची, पण आता मला निमित्त आहे." डॉक्टरांनी फोटो दाखवला तेव्हा ती त्याच्यासोबत होती. दोन्ही फुप्फुसांत पांढरे डाग होते, आणि ते वाढत जाणार होते.

एका रविवारी ती दादाकडे गेली तेव्हा तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून अंडी सोलत होता. चेहरा खुललेला.

"खोळ, बस. तुझ्या मागच्या इमारतीतलं ते हुंगायचं औषध. माणसांना द्यायला सुरुवात होतेय. पहिल्या चाचणीत माझा नंबर लागला."

ती उभीच राहिली. "कुणी सांगितलं?"

"रुग्णालयातल्या डॉक्टरनं. रक्त तपासलं, फोटो काढला, फुंकायला लावलं. काठावर पास झालो. शाळेत होतो तसाच." तो खोकला, आणि तो खोकला थांबायला इतका वेळ लागला की वहिनी गॅस बारीक करून त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली. त्यानं रुमालात थुंकलं. कफ घट्ट होता, डिंकासारखा. त्यानं रुमाल पटकन दुमडला, पण तिनं पाहिलं होतं.

"काठावर म्हणजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे जरा कमी फुंकलं असतं तर घेतलं नसतं. फार कमजोर छातीला ते देत नाहीत." वहिनीनं उत्तर दिलं. "डॉक्टर म्हणाले, चाचणी लवकर सुरू झाली म्हणून बरं."

दादानं सोललेलं अंडं तिच्या हातावर ठेवलं. "तुझ्या हातचं औषध घेणार. लहानपणी तुझ्या हातचा चहा पिऊन वाचलो, आता यातूनही वाचेन."

घरी परतताना बसमध्ये तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पहिल्या थांब्यापर्यंत. मग तिची नेहमीची गाडी सुरू झाली. माणसाला दिलेलं हे पहिलंच औषध. चुकलं तर? आणि चुकलं तर ते तिच्या हातून चुकलेलं असणार. ती तळहात पुन्हा पुन्हा ओढणीला पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. त्यांना सगळे नुसतंच बाई म्हणत. बुटक्या, केस कापलेल्या, बोलताना पेनाचं टोपण काढघाल करणाऱ्या. त्या म्हणाल्या, "रोग्यांसाठीची पहिली बॅच या आठवड्यात करायची. रोगी कोण आहेत ते आपल्याला माहीत नाही, आणि तसंच असायला हवं. पण कुणाच्या घरातलं, नात्यातलं, ओळखीतलं माणूस चाचणीत असेल तर आत्ता सांगा. काही बिघडत नाही. फक्त ते या बॅचला हात लावणार नाहीत."

सांगायचं. एवढंच करायचं होतं. सांगितलं तर लेप जोडीदार देणार, आणि जोडीदार कसा बघतो ते तिला माहीत होतं. की दादालाच काढून टाकतील? बाई म्हणतायत काही बिघडत नाही, पण मोठी माणसं असं म्हणतात आणि मग बिघडतं. ती मूग गिळून बसली. बाईंनी टोपण लावलं आणि सगळे उठले.

लेपाच्या दिवशी ती नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आली. झगा, टोपी, दुहेरी हातमोजे. कणांचा द्रव तांदळाच्या धुवणासारखा पांढुरका दिसत होता. यंत्रानं आपला भाग सोडला आणि शेवटचा भाग तिच्याकडे आला. थेंब पडत होते. आकडा वर सरकत होता. नेहमीची थांबायची जागा आली आणि तिच्या कानात दादाचा खोकला सुरू झाला.

डिंकासारखा कफ. इथे चाचणीसाठी जो कफ वापरतात तो पातळ असतो, हे तिला माहीत होतं. दादाच्या छातीत गेल्यावर कण त्या डिंकात रुतून बसतील. मग तो ते खोकून रुमालात काढील आणि रुमाल दुमडून खिशात ठेवील. थोडंसं जास्त निसरडं झालं तर? एवढंसंच. मर्यादेच्या आतच. थांबायचं तिथे ती थांबली नाही. थेंब पडत राहिले. जोडीदार खिडकीबाहेर, गाडी मागे घेताना कुणीतरी कुंपणाला घासत होतं, ते मोठ्या चवीनं बघत होता. "गेला, रंग गेला!" तो म्हणाला, आणि तेव्हा तिनं पंप बंद केला.

चुका सगळ्यांच्या हातून होतात. घाईनं होतात, आळसानं होतात. काळजीनं केलेली चूक सर्वांत वाईट, कारण ती करताना माणसाला आपण फार चांगलं वागतोय असं वाटत असतं.

कणांचा आकार तपासला, ठीक आला. विद्युतभार ठीक आला. तुषार करून पाहिलं, कण फुटले नाहीत. कफातून तर ते असे धावले की जोडीदारानं टाळी दिली. शेवटची चाचणी पेशींवरची. कण पेशीत शिरले तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरव्या चमकतात. तिनं डोळा लावला. हिरवं होतं, पण फिकं. नेहमी चमचमणारी पेशींची चादर कुठे कुठे दिसत होती, बाकी अंधारच. मोजणी काठावर पास झाली.

"पास म्हणजे पास," जोडीदार म्हणाला. "पहिली बॅच आहे. पेशींचाही मूड असतो."

तिला मात्र कारण माहीत होतं. जगात फक्त तिलाच माहीत होतं. तिनं दादासाठी म्हणून जो लेप वाढवला होता, त्यानंच औषध दादाच्या पेशीच्या दारातून माघारी जाणार होतं. प्रयोगशाळेतल्या ठणठणीत पेशींना ते धरता येत नाही, तर त्याच्या व्रण पडलेल्या पेशी काय धरणार? आणि त्याला ते कळणारही नाही. तो आशेनं हुंगत राहील, महिने जातील, छाती दगड होत जाईल, आणि सगळे म्हणतील, औषध लागू पडलं नाही बिचाऱ्याला.

सांगावं, तर बॅच फेकून देणार. आतलं औषध पुन्हा पहिल्यापासून बनवायला, तपासायला, परवानग्या घ्यायला दीड-दोन महिने. दादा आत्ताच काठावर होता. दोन महिन्यांनी पुन्हा फुंकायला लावलं तर? या विचाराशी आली की ती तिथूनच मागे फिरायची. काही करून दादाला हीच बाटली मिळाली तर थोडं तरी लागू पडेल. फिकं का होईना, हिरवं होतं ना. असं ती स्वतःला समजावायची आणि अर्ध्या तासानं पुन्हा तिची गाळण उडालेली असायची. जेवण जाईना. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली पित्त झालंय. दोन दिवसांत तिनं घरातल्या सगळ्या खोळी काढून धुतल्या आणि ओल्याच परत घातल्या. नवरा ओल्या सोफ्यावर बसून उठला आणि तिचा चेहरा बघून खुर्चीवर जाऊन बसला.

शनिवारी ती दादाकडे गेली. सांगायला म्हणूनच गेली होती. बॅच बाटल्यांत भरून तयार होती, सोमवारी रुग्णालयात जाणार होती. दादा तोंड गोल करून फुंकण्याचा सराव करत होता आणि वहिनी त्याच्यासमोर कागदाची पट्टी धरून उभी होती. पट्टी जरा हलली की दोघं खूश.

"तुला सांगतो, तिथे बाकावर काय एकेक मंडळी भेटली," तो म्हणाला. मध्ये थांबला, श्वास घेतला. "एक शाळेची बस चालवते. म्हातारी नाही, तुझ्याएवढी. तिला हा रोग का झाला ते डॉक्टरलाच माहीत नाही. मुलांना ओरडता येत नाही म्हणून शिट्टी घेतली, तर शिट्टीही वाजवता येत नाही." तो हसला आणि त्याला खोकला आला. शांत झाल्यावर म्हणाला, "तिनं विचारलं, तुमचं कुणी आहे का हो आत? मी म्हटलं, आहे, माझी बहीण आहे. मग काय भीती नाही, म्हणाली. भित्री आहे, मी सांगितलं, म्हणजे औषध चोख असणार. तेव्हापासून ती मला रोज फोन करते."

तिनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच परत ठेवला.

आजवर तिच्या भीतीत एकच माणूस होता. आता त्या बाटल्यांपाशी एक बाई येऊन उभी राहिली, हातात न वाजणारी शिट्टी घेऊन. तिच्या मागे आणखी कोण कोण असतील, त्यांचे दादा, त्यांच्या वहिन्या. आणि ती सगळी माणसं एका बाईच्या भित्रेपणाच्या भरवशावर निर्धास्त झोपत होती.

तिनं दादाला काही सांगितलं नाही. सोमवारी सकाळी बाटल्या निघायच्या आधी ती बाईंच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाईंनी खुर्ची दाखवली, तरी ती बसली नाही.

"बाई, ती बॅच पाठवू नका. मी लेप जास्त दिलाय. मुद्दाम."

बाईंचं टोपण हातात राहिलं. "म्हणून पेशी फिक्या. मला वाटतच होतं, कालपासून मी तीच आकडेवारी बघतेय. का?"

"माझा भाऊ आहे चाचणीत. त्याचा कफ फार दाट आहे. मला वाटलं..."

"मी विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं होतं."

"हो."

"त्याचा कफ दाट आहे हे तू कसं मोजलंस? खोकला ऐकून? आणि बाकीच्या लोकांनी तुझं काय वाकडं केलं होतं?" बाईंचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. त्यांनी कपाळ दाबलं. "या खोलीत मी सगळ्यांवर दोनदा नजर ठेवायचे, तुझ्यावर एकदा. कारण तू घाबरतेस म्हणून. माझीही चूकच."

ती रडत होती, पण आवाज न करता.

"आता असं आहे," बाई म्हणाल्या. "तुझा भाऊ चाचणीत राहील, किंवा तू लेपाच्या खोलीत. दोन्ही नाही."

"मी जाते."

"विचार कर. तुला दुसरं असं काम..."

"मी जाते, बाई. त्याला राहू द्या."

तिला खालच्या मजल्यावर काचसामान धुण्याच्या विभागात पाठवलं. जोडीदाराला ताकीद मिळाली. तो तिच्याशी बरेच दिवस बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. पण नवीन बॅचला तो पडद्यावरून नजर हलवत नव्हता असं तिच्या कानावर आलं. त्या दिवशी ती खाली नळाखाली बाटल्या धरून उभी होती आणि वर कुठला थेंब पडत असेल याचा अंदाज घेत होती. काही उपयोग नव्हता. नवीन बॅचच्या पेशी झगझगीत हिरव्या आल्या.

दादाला तिनं सगळं सांगितलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, मग आपण सराव करू. आता दोन महिने मिळाले." वहिनीनं पुन्हा कागदाची पट्टी धरली. पट्टी हलायची कमी होत गेली. वहिनी हळूहळू ती जवळ धरू लागली.

पुन्हा तपासणीच्या दिवशी ती त्याच्यासोबत गेली. वहिनीनं तूच जा म्हणून सांगितलं. त्या खोलीत एक यंत्र, एक नळी, एक खुर्ची. तपासणाऱ्या मुलीनं त्याच्या नाकाला चिमटा लावला. "काका, पूर्ण श्वास घ्या. आणि आता जोरात, जोरात, जोरात!" दादा फुंकत होता. त्याची मान ताठली, डोळे वर आले. तिनं नकळत स्वतःही श्वास सोडला, जणू तो त्याच्या मोजणीत धरला जाणार होता. एकदा झालं. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा त्यानं खुर्चीची कड धरून फुंकलं, आणि मुलीनं "छान" म्हणताना पडद्याकडे न बघता खाली पाहिलं. तेव्हाच तिला कळलं.

डॉक्टर चांगला होता, घाई केली नाही. थोडंसंच कमी पडलं, म्हणाला. पण मर्यादा ही त्यांच्याच जिवासाठी आहे, इतक्या कमजोर छातीत पहिल्यांदाच हे औषध सोडणं धोक्याचं. पुढे औषध सिद्ध झालं तर बघू. दादा मान हलवत होता. उठताना त्यानं डॉक्टरचे आभारही मानले.

बाहेर बोळात बाक होता. दोघं बसली. समोरच्या दारातून एक बाई आत गेली, गळ्यात दोरीला शिट्टी. तिनं दादाला हात केला. दादानंही केला. दार बंद झालं आणि आत यंत्राची घरघर सुरू झाली.

"रागावलास?" तिनं विचारलं.

"हो." तो म्हणाला. तिनं एवढी वर्षं त्याला हा प्रश्न विचारला होता आणि तो नेहमी छे म्हणायचा. "त्या दिवशी हात थांबवला असतास तर आज मी आत असतो. सांगितलंस ते बरोबर केलंस. ते मला समजतं. पण राग आहे."

"असू दे," ती म्हणाली. "दादा, मला फार भीती वाटतेय."

तो काहीतरी गमतीचं बोलणार म्हणून तिनं सवयीनं वाट पाहिली. त्याच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता.

"मला पण," तो म्हणाला. "तो फोटो पाहिला तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून. पण तू लहानपणापासून इतकी घाबरायचीस, खोळ, की माझी पाळीच आली नाही कधी."

त्याची हनुवटी थरथरायला लागली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला असं पाहिलं. तिच्या तोंडाशी नेहमीचं आलं होतं, काही होणार नाही, होईल ठीक. तिनं ते गिळलं. नर्स दोनदा येऊन गेली, चहा हवा का विचारून गेली. समोर आत घरघर चालू होती. ती त्याला चिकटून बसली आणि त्याला घाबरू दिलं.